तेल खाणारी ओमनी: रिंगा, बोअर आणि माझी एक चूक

आमच्या घरात इंजिन आलं ते आधी विहिरीवर. आबांचं पाच हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन, एका सिलिंडरचं, हँडल मारून चालू करायचं. तीन-चार वर्षांनी एखाद्या उन्हाळ्यात, विहीर तळाला गेली की, खळ्यात पोतं अंथरून त्याच्या रिंगा, म्हणजे पिस्टनभोवतीची कडी, बदलल्या जायच्या. मी तेव्हा सातवीत होतो. माझ्याकडे काम एकच: जुनी रिंग मोडायची आणि तिच्या तुकड्यानं पिस्टनच्या खाचांतला कार्बन खरवडायचा. त्या तुकड्यानं अंगठा कापला की आबा म्हणायचे, "आते शिकना तू." आज मी अमळनेर तालुक्यात कापूस आणि मका करतो, मिस्त्री नाही. पण तीन सिलिंडरचं इंजिन म्हणजे आबांच्या इंजिनाची तीन भावंडं, एवढ्या भरवशावर मी माझी ओमनी खोलली. त्यातलं जे उपयोगी पडलं आणि जे चुकलं, ते इथं लिहितो.

गाडी २००४ची, कार्ब्युरेटरवाली, ७९६ सीसी, मारुती ८००च्या घराण्यातलंच इंजिन. अमळनेर तसं तेलाचं गाव. विप्रोची सुरुवात १९४५ साली इथल्या वनस्पती तेलाच्या कारखान्यातून झाली. पण माझ्या ओमनीनं तेल जाळण्याचाच कारखाना काढला होता. धुळ्याहून येताना मागचा मोटारसायकलवाला नाकाला रुमाल लावून पुढं निघून जायचा आणि वळून बघायचा. शेवटी शेजारच्या नानांनी बांधावरून हाक मारून सांगितलं, "भाऊ, तुन्ही गाडी तेल खाई ऱ्हायनी."

आधी वही, मग पाना

धूर दिसला की लोक थेट गॅरेजला जातात. मी म्हणतो, आधी पंधरा दिवस वही ठेवा. सकाळी गाडी थंड असताना, सपाट जागेवर, डिपस्टिक पुसून पुन्हा घाला आणि तेलाची पातळी बघा. किलोमीटर लिहा, किती तेल वर घातलं ते लिहा. बऱ्याच गाड्यांत डिपस्टिकच्या वरच्या आणि खालच्या खुणेत साधारण एक लिटरचा फरक असतो. कित्येक कंपन्या हजार किलोमीटरला एक लिटर ही बाहेरची मर्यादा सांगतात. माझ्या वहीत सहाशे किलोमीटरला एक लिटर निघालं. ओमनीच्या चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यात, तेल मावतं साधारण तीन लिटर, तेव्हा विचार करा.

गेलेलं सगळं तेल जळालंच असेल असं नाही. रात्री गाडीखाली पांढरा पुठ्ठा सरकवून ठेवा. टॅपेट कव्हरचं पॅकिंग, क्रँकचं सील, डिस्ट्रिब्यूटरची ओ-रिंग यांतून थेंब पडत असतील तर सकाळी पुठ्ठ्यावर जागेसकट दिसतात. इंजिनातला वायू बाहेर सोडणारा ब्रीदरचा पाइप आणि असल्यास त्यावरचा पीसीव्ही व्हॉल्व्हही काढून बघा. तो तुंबला की आत दाब साठतो आणि चांगलं इंजिनही तेल बाहेर फेकतं. दोनशे रुपयांच्या पाइपापायी इंजिन खोललं, असं होऊ देऊ नका.

धूर कधी येतो ते बघा

काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. पांढरा धूर थंडीच्या सकाळी आला आणि विरून गेला तर ती वाफ आहे. थांबतच नसेल, गोडसर वास येत असेल आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर हेड पॅकिंग, म्हणजे सिलिंडर आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं पॅकिंग, गेलं. त्यात तेलाच्या झाकणाला आतून दुधाच्या सायीसारखा थर दिसला तर संशय आणखी पक्का. आपला विषय निळ्या धुराचा.

निळा धूर दोन वाटांनी येतो. वरून, म्हणजे व्हॉल्व्हच्या ऑइल सीलमधून, किंवा खालून, म्हणजे रिंगांशेजारून. सील गेलं असेल तर रात्रभर थेंब थेंब तेल खाली उतरतं, सकाळी स्टार्टर मारला की निळा भपका येतो आणि मग मिनिटभरात सगळं साफ होतं. आपल्याकडे दुसरी परीक्षा फुकट आहे: कन्नडचा घाट. चाळीसगावकडे उतरताना ॲक्सिलरेटर सोडून गेअरवर गाडी उतरवायची. थ्रॉटल बंद आणि इंजिन फिरतंय, त्यामुळे आत जोराची ओढ तयार होते आणि सैल सीलमधून तेल खेचलं जातं. घाट संपला की पाय द्यायचा आणि शेजारच्याला मागं बघायला सांगायचं. तेव्हा एकदम निळा लोट आला तर संशय सीलवर. उलट चढावर, भार असताना, पाय दाबलेला असेपर्यंत सतत धूर येत असेल तर रिंगा आणि बोअर, म्हणजे पिस्टन ज्यात खालीवर होतो ते सिलिंडरचं भोक. माझी चढावर धुराची रेघ ओढत जायची आणि उतारावर जवळजवळ गप्प असायची.

इंजिन चालू ठेवून तेलाचं झाकण काढून बघा. थोडी फुंकर सगळ्याच इंजिनांत असते. पण चुलीच्या फुंकणीसारखं फुस् फुस् मारत असेल, तर मिस्त्री म्हणतात तसं इंजिन 'बॅक मारतंय': जळलेला वायू रिंगांशेजारून खाली चेंबरमध्ये उतरतोय.

कॉम्प्रेशन मोजल्याशिवाय कोणाचं ऐकू नका

कॉम्प्रेशन म्हणजे पिस्टन वर आल्यावर सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब. तो मोजायचं गेज फार महाग नसतं, आणि गॅरेजवालाही अर्ध्या तासात मोजून देतो. इंजिन गरम करा, तिन्ही प्लग काढा, कॉइलची वायर सोडा, म्हणजे ठिणगी पडणार नाही. बॅटरी भरलेली हवी. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि एकेका सिलिंडरला पाच-सहा फेरे स्टार्टर मारा. तब्येतीच्या पेट्रोल इंजिनात साधारण १५० ते १८० पीएसआय येतं. आकड्यापेक्षा महत्त्वाचा असतो तिघांमधला फरक. माझे आले १५०, ९५ आणि ११०.

मग दुसरी फेरी. प्रत्येक सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाका आणि पुन्हा मोजा. तेल रिंगांच्या फटी तात्पुरत्या बुजवतं. आकडा चढला तर दोष रिंगा-बोअरचा, तिथंच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड पॅकिंगचा. माझा ९५चा सिलिंडर एका चमच्यानं १४०वर गेला. त्याचाच प्लग काळा, तेलानं चिकट निघाला होता.

इथं एक खोच आहे, ती बऱ्याच मिस्त्रींकडूनही निसटते. कॉम्प्रेशन धरतात त्या वरच्या दोन रिंगा. तेल खरवडून खाली ढकलते ती तिसरी, ऑइल रिंग. ती कार्बननं खाचेत जाम झाली असेल तर कॉम्प्रेशन झकास येतं आणि गाडी तेल खातच राहते. अशा वेळी प्लगच्या भोकातून कार्बन काढायचं द्रावण टाकून रात्रभर ठेवण्याचा उपाय करून बघण्यासारखा आहे. सकाळी प्लग न लावता, भोकांवर फडकं धरून स्टार्टर मारा, म्हणजे उरलेलं द्रावण बाहेर उडेल. आणि नंतर तेल बदला, कारण काही द्रावण खाली उतरलेलं असतं. मीही केला. माझ्या गाडीला फरक पडला नाही, कारण तिचा रोग वेगळा होता.

मी काय चुकलो

खरं म्हणजे हे सगळं मोजलं ते दुसऱ्या वेळी. पहिल्या वेळी, २०२२च्या दिवाळीत, मी गाडी शहरातल्या एका गॅरेजला सोडली. त्यानं गाडीचा आवाज ऐकला, धूर बघितला आणि म्हणाला, "रिंगा टाकून देतो, नवीन होऊन जाईल." हेड उतरवलं, चेंबर खोललं, पिस्टन बाहेर काढून नव्या रिंगा चढवल्या, तिसऱ्या दिवशी गाडी दिली. महिनाभर मीही खूश. संक्रांतीपर्यंत धूर पहिल्यापेक्षा वाईट.

कारण साधं होतं. हजारो तास घासून बोअर गोल राहत नाही. पिस्टन ज्या बाजूला दाबला जातो त्या बाजूला लंबगोल होतो, आणि वरच्या भागात जास्त, खाली कमी झिजून निमुळता होतो. गोल रिंग लंबगोल भोकात बसवली की दोन बाजूंना टेकते, बाकी ठिकाणी फट. त्यात बोअरची भिंत आरशासारखी गुळगुळीत झालेली, तिच्यावर नवी रिंग बसतच नाही. त्या गॅरेजवाल्यानं बोअर मोजला नव्हता आणि मी विचारला नव्हता. चूक दोघांची, पैसे माझे.

मधल्या काळात तेल दाट करून बघितलं, २०डब्ल्यू-४०च्या जागी २०डब्ल्यू-५०. मे महिन्याच्या आपल्या पंचेचाळीस अंशांत थोडा आराम पडतो, पण थोडाच. धूर कमी करणाऱ्या बाटल्यांबद्दल माझं मत चांगलं नाही. गाडी विकायला काढलेल्यानं त्या वापराव्यात.

दुरुस्ती की दुसरं इंजिन?

गाडीची किंमत आणि कामाचा खर्च समोरासमोर मांडा. ओमनी, ८००, जुनी अल्टो यांचं पूर्ण काम परवडतं, कारण सामान मिळतं आणि लेथवाल्यांचा हात त्यावर बसलेला असतो. टर्बोवाल्या डिझेलमध्ये आधी टर्बोच तपासा. इंटरकूलरच्या पाइपात तेल साठलेलं असेल तर दोष इंजिनाचा नसून टर्बोच्या सीलचा असू शकतो. ज्या गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातलं प्रदूषण कमी करणारा सायलेन्सरमधला डबा) आहे त्यांनी तेल जाळत जास्त दिवस फिरू नये, तो खराब झाला की वेगळा खर्च.

भंगार बाजारातलं तयार इंजिन स्वस्त वाटतं. मीही बघायला गेलो होतो. पण ते तिथं कॉम्प्रेशन मोजून देत नाहीत आणि त्या इंजिनानं कोणती धूळ खाल्ली हे कोणी सांगत नाही. शिवाय कागद. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२खाली असा बदल आरटीओला कळवून, परवानगी घेऊन करायचा असतो आणि नवा इंजिन नंबर आरसीवर चढवावा लागतो. बिलाशिवायचं इंजिन घेतलं की तो नंबर कुठून आला याचं उत्तर तुम्हाला द्यावं लागतं. आपलाच ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असलेलं इंजिनाचं धड, बोअर करून भोकं मोठी केली तर नंबर तोच राहतो. माझी एमएच-१९ची गाडी, २०२४ला पासिंगची मुदत होती, म्हणून मी दुसऱ्या इंजिनाची वाट धरली नाही.

खोलताना

ओमनीचं इंजिन पुढच्या सीटखाली. हेडचं काम सीट काढून वरून होतं, पण पूर्ण काम असेल तर इंजिन खालून उतरवलेलं बरं. बॅटरीची निगेटिव्ह सोडली, पाणी आणि तेल काढलं, पेट्रोलचा पाइप बंद करून बांधला, प्रोपेलर शाफ्ट उतरवला. खाली ट्रॉली जॅक लावून माउंटिंग सोडली, इंजिन-गेअरबॉक्स जुन्या टायरवर उतरवलं आणि गाडीचं तोंड चेन-ब्लॉकनं उचलून ते खालून ओढून घेतलं. पुतण्या सोबत होता. एकट्याचं काम नव्हे. नुसत्या जॅकवर टेकलेल्या गाडीखाली डोकं घालू नका. दोन्ही बाजूंना मजबूत स्टँड किंवा बाभळीचे ओंडके हवेतच.

प्रत्येक वायर आणि पाइप सोडायच्या आधी मोबाइलमध्ये फोटो. बोल्ट शेवेच्या रिकाम्या पिशव्यांत, वर कागदाची चिठ्ठी. टाइमिंगच्या खुणा जुळवून मगच बेल्ट काढा. कनेक्टिंग रॉड आणि त्याची कॅप ही जोडी असते, अदलाबदल चालत नाही. सुट्या करायच्या आधीच पंचनं दोन्हींवर एक, दोन, तीन ठिपके मारा.

हेड निघालं की बोअरमध्ये वरच्या कडेपासून खाली नख फिरवा. जिथं वरची रिंग पोचत नाही तिथला भाग झिजत नाही, तिथं पायरी राहते. नख अडकलं की रिंगा-रिंगांचा खेळ संपला. माझं नख दुसऱ्या सिलिंडरमध्ये टच्चकन अडकलं. जुनी रिंग एकटी बोअरमध्ये घालून, पिस्टननं सरळ ढकलून, तिच्या टोकांमधली फट फिलर गेजनं, म्हणजे ठरावीक जाडीच्या पात्यांनी, बघा. या मापाच्या बोअरला नव्या रिंगेची फट ०.२० ते ०.३० मिलिमीटरच्या आसपास असते. माझ्या वरच्या रिंगेत ०.७०चं पातं आरामात गेलं, आणि ती अवघ्या सव्वा वर्षाची होती.

एवढी झीज का, याचा उलगडा एअर फिल्टरपाशी झाला. फिल्टरपासून कार्ब्युरेटरकडे जाणारा रबरी पाइप खालून चिरलेला होता. कपाशीच्या दिवसांत शिवाररस्त्याची पांढरी धूळ किती वर्षं आत जात होती कोण जाणे. धूळ आणि तेल एकत्र म्हणजे व्हॉल्व्ह घासायची पेस्टच. हा पाइप बदलला नसता तर नवं इंजिनही त्याच वाटेनं गेलं असतं.

लेथवर

ब्लॉक धुळ्याला नेला. लेथवाल्यानं डायल गेज लावून वर, मधे, खाली, आडवं-उभं मोजलं. लंबगोलपणा किंवा निमुळतेपणा ०.१० मिलिमीटरच्या पुढे गेला की बोअरिंगला पर्याय नाही. मूळ बोअर ६८.५ मिलिमीटर, स्ट्रोक ७२. ०.२५ मिलिमीटर मोठा करून बोअर साफ होईना म्हणून ०.५० ओव्हरसाइज, म्हणजे अर्धा मिलिमीटर मोठा, करावा लागला. पुतण्यानं तिथंच मोबाइलवर गुणाकार केला: ७९६ सीसीचं इंजिन आता ८०८ सीसीच्या जवळ. लेथवाला हसून म्हणाला, "पिकअप वाढी जाई!" तेवढं काही वाढलं नाही.

चांगल्या लेथवाल्याची खूण अशी की तो म्हणतो, "आधी पिस्टन आणा." पिस्टन हातात घेऊन, मोजून, त्याला हवी तेवढी फट धरून तो बोअर करतो. डब्यावरचा आकडा बघून बोअर करणाऱ्याकडे काम देऊ नका. बोअरिंगनंतर होनिंग, म्हणजे दगडांनी भिंत घासणं. भिंतीवर एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या बारीक रेघा दिसल्या पाहिजेत. त्यांत तेल टिकतं आणि रिंगा त्यांच्यावर घासून बसतात.

क्रँकच्या जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग, मायक्रोमीटरनं मोजून घ्या. माझा क्रँक पॉलिशवर निभावला, नवी बेअरिंगं मात्र टाकली. हेडवर सरळ पट्टी ठेवून खालून ०.०५चं पातं जातंय का बघितलं. जात होतं, म्हणून फेसिंग करून तळ सपाट करून घेतला. व्हॉल्व्ह त्याच्या गाइडमध्ये, म्हणजे नळीत, डुलत असेल तर नवं सील टिकत नाही, आधी गाइड बदला. व्हॉल्व्ह घासून, पेट्रोल ओतून गळत नाहीत याची खात्री केली.

धुणं, हे सगळ्यात महत्त्वाचं

होनिंगची पूड त्या रेघांत बसलेली असते आणि ती रॉकेलनं निघत नाही. गरम पाणी, कपड्याचा साबण आणि ब्रश. हिनं विचारलंच, "आता इंजिनालाही न्हाणीघर?" तीन वेळा धुतल्यावर पांढरं फडकं तेलात बुडवून बोअर पुसा. फडक्यावर राखाडी डाग आला तर पुन्हा धुवा. माझं पाचव्या वेळी पांढरं निघालं. धुऊन झालं की लगेच तेलाचा हात फिरवा, नाहीतर आपल्या डोळ्यांदेखत गंज धरतो. ब्लॉकमधल्या तेलाच्या बारीक वाटाही हवा मारून मोकळ्या करा.

बांधताना

नवी रिंगही बोअरमध्ये घालून फट मोजा, डब्यावर विश्वास ठेवू नका. रिंगेवर कोरलेलं अक्षर वरच्या बाजूला. ऑइल रिंगेच्या मधल्या लाटेदार पट्टीची टोकं एकमेकांना टेकली पाहिजेत, एकावर एक चढता कामा नयेत. चढली की नवं इंजिन पहिल्या दिवसापासून तेल खातं. सगळ्या रिंगांची तोंडं एका रेषेत ठेवू नका, १२०-१२० अंशांवर फिरवा. पिस्टनवरचा बाण टाइमिंग बेल्टच्या बाजूला. बेअरिंगला, भिंतीला, पिस्टनला तेल, आणि रिंगा आवळायच्या पट्टीतून लाकडी दांड्यानं हळू ठोकत पिस्टन आत. अडला तर जोर लावू नका, रिंग बाहेर आली असते. एकेक रॉड आवळला की क्रँक हातानं फिरवून बघा. जड झाला तर चूक शेवटच्या रॉडमध्ये आहे, शोधायला सोपं.

हेडचे बोल्ट मधून बाहेर, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचनं. माझ्याकडे नव्हता, एका ट्रॅक्टरवाल्याकडून दिवसभरासाठी आणला. टाइमिंग बेल्ट, पाण्याचा पंप आणि क्रँकची सीलं नवीनच टाका. त्यांच्यापर्यंत पोचण्यासाठी पुन्हा एवढं खोलायचं कोणी?

मला २०२४च्या जानेवारीत सगळं मिळून सत्तावीस हजार लागले. त्यात सर्वांत मोठा आकडा पिस्टन-रिंगा आणि लेथचा. मजुरी पुतण्याच्या शेवभाजीवर भागली.

पहिले पाचशे किलोमीटर

प्लग न लावता स्टार्टर मारा, तेलाचा लाल दिवा विझेपर्यंत. मग प्लग लावून चालू करा. चालू झाल्यावर गाडी तासभर उभी ठेवून आयडलवर घुरघुरवायची ही आपल्याकडची जुनी रीत मला चुकीची वाटते. रिंगांना भिंतीवर दाबतो तो त्यांच्या मागं शिरणारा जळत्या वायूचा दाब, आणि तो भार असल्याशिवाय तयार होत नाही. पाणी-तेल गळत नाही हे बघून घेतलं आणि धुळे रस्त्यावर काढली. तिसऱ्या गेअरमध्ये मध्यम जोरानं वेग वाढवायचा, मग पाय सोडून गाडी आपोआप हळू होऊ द्यायची. असं वीस-पंचवीस वेळा. एकाच वेगानं लांब जायचं नाही, फार माल भरायचा नाही, शेवटपर्यंत दाबायचं नाही. तेल साधं मिनरल, फुल सिंथेटिक आत्ता नको. पाचशे किलोमीटरला तेल आणि फिल्टर बदलला. त्या तेलात बारीक चमक होती, ती असतेच.

पहिल्या तीनशे किलोमीटरमध्ये थोडं तेल कमी झालं, मग थांबलं. पासिंगला पीयूसी पहिल्या फटक्यात निघाली. कन्नड घाटात भाच्याला मागं बसवून उतरलो, खाली पाय दाबला आणि विचारलं, "काय दिसतंय?" तो म्हणाला, "ट्रकवाला दिसतोय, मामा."

आता अकरा हजार किलोमीटर झाले. वही चालूच आहे: दोन तेलबदलांच्या मधे पाव लिटरही वर घालावं लागत नाही. डिस्ट्रिब्यूटरच्या ओ-रिंगेतून मात्र रोज एखादा थेंब पडतो. घाईत तेवढी एक जुनीच लावली होती. गाडीखाली पुठ्ठा ठेवलाय, पेरणीच्या आधी बदलेन.